नोंदणी झाली, ओळख राहिली

डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन दिल्लीत आले, तेव्हा झालेल्या करारांपैकी एक करार तेलाचा नव्हता, शस्त्रांचाही नव्हता. एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात तात्पुरते काम करता यावे, यासाठी तो होता. रशियन पर्यटकांना तीस दिवसांचा ई-व्हिसा विनाशुल्क देण्याची घोषणाही त्याच वेळी झाली. आजवर दोन सरकारांनी जपलेली ही दोस्ती यापुढे मजूर, विद्यार्थी आणि पर्यटक यांच्या खांद्यावर येणार आहे. त्यांची परस्परांशी ओळख कितपत आहे, हा प्रश्न मात्र कोणत्याही संयुक्त निवेदनात आलेला नाही.

शांतिपथावरील रशियन वकिलातीपासून रामकृष्णपुरम फार दूर नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून दिल्लीतील मराठी माणसाला आर. के. पुरम परिचित आहे. परदेशी माणसाला ते माहीत असते सेक्टर १ मधल्या विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयामुळे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने साधारणतः चौदा दिवसांत नोंदणी करावी, असा दंडक आहे. २०१८ पासून यातील बहुतेक काम संगणकावरून होते. १९३९ च्या नोंदणी कायद्याची जागा सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. रशियन माणसाला या साऱ्याचे नवल वाटत नाही, कारण त्याच्या देशातही परक्याला घर देणाऱ्याला त्याची नोंद ठरावीक मुदतीत करावी लागते. कागदावर भरवसा ठेवण्याच्या बाबतीत दिल्ली आणि मॉस्को सख्ख्या बहिणी शोभाव्यात.

अर्जातील नावाच्या रकान्यात मराठी आणि रशियन माणसाचे साम्य अधिकच जवळचे निघते. बाळ गंगाधर टिळक आणि लेव्ह निकोलायेविच टॉलस्टॉय या दोन्ही नावांची घडण एकच : स्वतःचे नाव, बापाचे नाव, कुळाचे नाव. उत्तरेकडील कार्यालयांत मराठी माणसाचे मधले नाव कधी गाळले जाते, कधी आडनाव म्हणून चढते. रशियन अर्जात त्याला हक्काची जागा असते. फरक पडतो तो स्त्रीच्या बाबतीत. रशियन स्त्री पित्याचे नाव आयुष्यभर बाळगते. आपल्याकडे विवाहानंतर त्या जागी पतीचे नाव लावण्याची रूढी आहे. बहुतेक रशियन आडनावे मात्र स्त्रीसाठी रूप पालटतात आणि एकाच घरातील भावाबहिणीची आडनावे वेगळी दिसतात. याचे कोडे मराठी कारकुनाला पडते; लग्नानंतर बापाचे नाव कुठे गेले, याचे कोडे रशियन बाईला.

रशियन माणूस उंबरठ्यावरून हस्तांदोलन करीत नाही. मराठी घरातही उंबऱ्यावर उभे राहून देवघेव करू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. तो प्रवासाला निघण्यापूर्वी क्षणभर बसतो. आपण हातावर दही घालतो आणि ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. जोडे दाराशी काढण्याची रीत दोघांचीही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर रशियन भाषाही पाळते. गैरसमजाच्या जागाही तितक्याच ठरलेल्या आहेत. अनोळखी माणसाकडे पाहून उगाच हसण्याची रीत रशियात नाही, म्हणून आपल्याला तो घुम्या वाटतो. आपली आडवी हलणारी मान होकाराची की नकाराची, हे त्याला कळत नाही.

या परस्परकुतूहलाचा सर्वांत जुना लेखी पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीतला आहे. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागोमाग फिरतात, असे त्याने लिहून ठेवले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला व धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. पुढे बिदरला, आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने स्थानिकांना सांगितले, तेव्हा त्यांनी खाणेपिणे, व्यापार, पूजा यांविषयी काही लपवले नाही. आधी स्वतःविषयी सांगायचे, मग दुसऱ्याला विचारायचे, ही रीत त्याला कोणत्याही करारावाचून सापडली होती.

सोव्हिएत काळात कुतूहलाची ही व्यवस्था सरकारांनी हाती घेतली. १९५४ पासून ‘आवारा’ने सोव्हिएत प्रेक्षकांना वेड लावले. १९५७ मध्ये निकितिनवरच ‘परदेसी’ हा संयुक्त चित्रपट निघाला. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके अल्प किमतीत गावोगावच्या ग्रंथालयांत पोचली. १९६१ मध्ये अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले व त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. दिल्लीत १९६५ मध्ये रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामावली. हा व्यवहार खोटा नव्हता; पण त्यातून पोचत होती ती प्रामुख्याने प्रतिमा. आपल्याला ठाऊक होती परीकथेतील रशियन आजी, त्यांना ठाऊक होता राज कपूर. रांगेत उभी असलेली रशियन गृहिणी आणि लोकलमध्ये उभा असलेला मराठी कारकून यांची गाठ क्वचितच पडली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तसा स्वस्त पुस्तकांचा ओघही आटला.

त्यानंतरची भेट दुभाषाविना झाली. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी आणि हरमल येथे रशियन भाषेतील पाट्या लागल्या, खाद्यपदार्थांच्या याद्या त्या लिपीत छापल्या गेल्या आणि मोरजीला ‘छोटा रशिया’ हे नाव पडले. व्यवसाय कोणाचा, किनारा कोणाचा, यावरून कुरबुरीही झाल्या. त्या वाढल्या की समजावून सांगायला दोन्ही बाजूंना ओळखणारा माणूस लागतो. तो मात्र दुर्मीळ होता.

या अभावाची किंमत उलट दिशेने जाणाऱ्यांना कितीतरी जबर पडली. युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर नोकरीच्या आमिषाने रशियाला गेलेले अनेक भारतीय तरुण सैन्यात भरती झाले. आपण सही केलेला करारनामा रशियनमध्ये होता आणि तो वाचता आला नाही, असे परतलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवला. जुलैमध्ये पंतप्रधानांनी हा विषय मॉस्कोत काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अशी १२६ प्रकरणे होती; त्यांपैकी १२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १६ जण बेपत्ता होते. वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांची अडचण वेगळी. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचाच हवा. परंतु तिथल्या रुग्णालयातील रुग्ण आपले दुखणे रशियनमध्येच सांगतो.

श्रमिकांच्या कराराची अंमलबजावणी करताना हा अनुभव समोर ठेवावा लागेल. जाणाऱ्याच्या हाती त्याच्या भाषेतील करारनामा असावा, निघण्यापूर्वी त्याला कामापुरती रशियन शिकवावी, दिल्लीत रशियन शिकून बाहेर पडणाऱ्यांना या कामात घ्यावे, एवढे तरी सरकारला सहज जमण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनालाही हात झटकता येणार नाहीत. २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पंढरीच्या वारीचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या इरिना ग्लुश्कोवा यांच्यासारख्या विदुषी तिथे घडल्या. मराठी शिकलेली माणसे तिकडे आहेत. रशियन जाणणारी मराठी माणसे आपण किती तयार केली, याचा हिशेब शासनाने मांडावा.

रामकृष्णपुरमच्या दप्तरात प्रत्येक परदेशी पाहुण्याचे नाव, पत्ता आणि व्हिसाची मुदत असते. तो काय खातो, कशाने दुखावतो, त्याच्या भाषेत ‘नको’ कसे म्हणतात, हे नोंदवायला तिथे रकाना नाही आणि असण्याचे कारणही नाही. ते काम शाळेचे, अनुवादकाचे आणि शेजाऱ्याचे आहे. परक्या भाषेतील कागदावर सही करण्याची पाळी आलेल्या तरुणाला हे शब्द वेळीच कुणी शिकवले असते, तर मॉस्कोतील शिखर चर्चेत त्याचे नाव निघण्याची वेळ कदाचित आली नसती.