गाडीला हुडहुडी का भरते?

डिसेंबरातल्या पहाटे निफाडला पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी एखाद्या अंगणातून आवाज येतो, 'ऱ्हंऽऽव... ऱ्हंऽऽव... टक्!' गाडी काही सुरू होत नाही. गंमत म्हणजे हीच गाडी दुपारी किल्ली फिरवताच सुरू होते. मग बिघाड आहे की नाही?

आहे! आणि तो फक्त गारठ्यात दिसतो, हाच मोठा पुरावा आहे. चांगला मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी कान टवकारतो. सेल्फ मारल्यावर इंजिन रडतखडत फिरतंय, की भराभर फिरूनही पेट घेत नाही?

रडत असेल तर पहिला संशय बॅटरीवर. तिच्या पोटात शिसं आणि आम्ल यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून वीज तयार होते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणजे ताकद कमी आणि काम जास्त! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावलं की १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. १२.२ दिसला तर ती निम्मी रिकामी आहे. कधी बॅटरी ठणठणीत असते, पण तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर साचलेला असतो. तो साफ केला की काम झालं.

इंजिन झपाझप फिरतंय, तरी पेट घेत नाही? मग कोडं खरं रंगतं. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते त्याची वाफ. गार इंजिनात पेट्रोलचे थेंब आतल्या भिंतींना चिकटून बसतात आणि वाफ कमी होते. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. आजोबांना विचारा, ते स्कूटरचा चोक ओढायचे तो यासाठीच.

आता हे काम गाडीतला छोटा संगणक करतो. पण इंजिन गार आहे हे त्याला सांगतं कोण? इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात बसवलेला एक चिमुकला सेन्सर. गारठ्यात त्याचा विद्युतरोध वाढतो, तापल्यावर घटतो. हा सेन्सर बिघडला आणि 'इंजिन गरम आहे' अशी थाप मारू लागला, तर संगणक पेट्रोल कमी सोडतो. ठिणगी पडते, पण पेटायला पुरेशी वाफच नाही! दुपारी इंजिन खरंच गरम असतं, म्हणून थाप खपून जाते. त्याला पकडायची युक्ती मला फार आवडते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्कॅनरला जोडायची. बाहेर ८ अंश असताना सेन्सर ६० म्हणाला, की चोर सापडला.

डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो. तिथे हवा इतकी जोरात दाबतात की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. थंडीत मदतीला हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. एखादा प्लग गेला असेल तर गाडी सुरुवातीला थरथरते आणि पांढरा धूर सोडते. लडाखमध्ये तर याहून मोठी पंचाईत होते. डिझेलमध्ये मेण असतं आणि कडाक्याच्या थंडीत ते खोबरेल तेलासारखं थिजतं. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

तुम्ही बॉनेटमध्ये हात मात्र घालू नका हं. लांब उभे राहून आवाज ऐका आणि घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगा : सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर उरलीसुरली बॅटरीही संपेल आणि धक्का मारायला तुम्हालाच बोलावतील!