अन्न आणि त्याची कृती : डहाणू-तलासरीच्या आहाराचा विचार

देशोदेशींच्या आहारांची तुलना करून कोणता आहार आरोग्यास हितकर व कोणता अपायकारक हे ठरविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष रूढ झाली. अँसेल कीज यांच्या नेतृत्वाखाली १९५८ साली सुरू झालेले सात देशांचे अध्ययन हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपान या देशांतील मध्यमवयीन पुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. हृद्रोगाने होणारे मृत्यू पूर्व फिनलंडमध्ये फार अधिक, तर क्रीट बेटावर व जपानात फार थोडे, असे तीत आढळून आले. दुग्धजन्य व प्राणिज स्निग्ध पदार्थांच्या प्रमाणाशी या अंतराचा संबंध जोडला गेला आणि त्यातूनच पुढे १९७२ साली फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात आहारपरिवर्तनाचा मोठा उपक्रम हाती घेण्यात आला.

या अध्ययनाचे महत्त्व मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. 'देश' हे आहाराचे माप म्हणून कितपत उपयोगी आहे? त्याच अध्ययनात पूर्व व पश्चिम फिनलंडमध्ये लक्षणीय अंतर दिसले होते. जपानी वंशाच्या पुरुषांची जपान, होनोलुलू व सॅन फ्रान्सिस्को येथे जी तुलना पुढे झाली, तीत वंश एकच असूनही हृद्रोगाचे प्रमाण जपानकडून कॅलिफोर्नियाकडे वाढत गेलेले आढळले. अर्थात रोगाचा धोका देशाला चिकटलेला नसतो, तसा तो केवळ रक्तालाही चिकटलेला नसतो. कोणते धान्य, कोणत्या जमिनीतले, कसे सडलेले वा दळलेले, कशाबरोबर शिजविलेले, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि किती कष्टांनंतर खाल्लेले, या सर्वांचा मिळून आहार होतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे पाहता येते.

हे दोन्ही तालुके प्राधान्याने आदिवासींचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ व डहाणूत सुमारे सात अनुसूचित जमातींची होती. त्यांत वारली समाज सर्वांत मोठा; शिवाय कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी इत्यादी जमाती आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारा, मासेमारीची गावे आणि घोलवडच्या बाजूच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेस डोंगर व जंगल. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळविणारा चिकू आणि त्याच वाडीत मजुरीने फळे उतरविणाऱ्या माणसाच्या घरची पेज, ही दोन्ही डहाणूचीच अन्ने होत. तेव्हा 'डहाणूचा आहार' असे एकवचनी नाव देणेही धाडसाचेच ठरेल.

वारल्यांच्या परंपरागत आहाराचा पाया दोन धान्यांवर उभा होता. खाचरातला भात आणि उताराच्या वरकस जमिनीवरची नागली. जोडीला वरी, तूर व उडीद. भाताचेही हळवे व गरवे असे भेद. हळव्याचे पीक आधी हाती येते, म्हणून टंचाईच्या दिवसांत त्याचा आधार मोठा. धान्याला 'कणसरी' या नावाने देवता मानण्याची या समाजाची रीत आहे. धान्याखेरीज जे काही पानात येई ते मात्र ऋतूप्रमाणे बदलत जाई. पावसाच्या आरंभी शेवळे, पुढे टाकळा, कुरडू, बांबूचे कोंब, ओहोळांतले व शेतांतले मुठे आणि लहान मासे, नंतर कंद, उन्हाळ्यात मोहाची फुले आणि नागलीची आंबील. किनाऱ्यावरून येणारे सुकट व बोंबील हे डोंगरातल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोहोचत आले आहेत.

या यादीकडे निसर्गाने आयती वाढून ठेवलेली ताटे म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. शेवळ्यात घशाला खाजविणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविले जाते. कडूकंद चिरून, राख घालून उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून खाण्याजोगा होत नाही. नागलीतही लोह व कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास अडथळा करणारे फायटिक आम्ल असते. आंबविण्याने व मोड आणण्याने ते घटते. आंबील ही गरिबाची सोय आहे खरी, परंतु तिच्यात एक रसायनही आहे. त्या रसायनाचे नाव करणारीला ठाऊक नसते, एवढाच फरक.

ही कृती अन्नापासून तुटली म्हणजे काय होते याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण मक्याचे आहे. मेक्सिकोत व मध्य अमेरिकेत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटण्याची प्राचीन पद्धत आहे. चुन्यामुळे मक्यातील बांधलेले नियासिन मोकळे होते, आणि त्यामुळे मका हेच मुख्य अन्न असूनही तेथे पेलाग्रा हा रोग सहसा होत नसे. मका यूरोपात गेला, चुन्याची कृती मात्र मागे राहिली. उत्तर इटलीच्या शेतमजुरांत व पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत या रोगाने थैमान घातले. पेलाग्रा या इटालियन शब्दाचा अर्थच खरखरीत कातडी असा आहे. लोकांनी लक्षण ओळखून नाव ठेवले, कारण मात्र शास्त्राला कळावयास १९३७ साल उजाडले.

तांदळाची कथा आशियातली आहे. १८८२-८३ मध्ये जपानच्या र्‍यूजो या युद्धनौकेवरील ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. खलाशांचे मुख्य अन्न पांढरा, पॉलिश केलेला भात होते. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्या सफरीवर आहार बदलून रोग जवळजवळ थांबविला. त्यांनी दिलेले कारण, म्हणजे प्रथिनांची उणीव, चुकीचे होते. उपाय मात्र बरोबर होता. तांदळाच्या कोंड्याबरोबर निघून जाणारे द्रव्य म्हणजे थायमिन, हे जावा बेटातील आइकमान यांच्या कोंबड्यांवरील निरीक्षणांपासून सुरू झालेल्या संशोधनातून हळूहळू स्पष्ट झाले. मराठीत 'सडणे' या एकाच क्रियापदात तांदूळ पांढरा करण्याच्या साऱ्या पायऱ्या सामावल्या आहेत. हातसडीचा तांदूळ उखळात एकदोनदा सडला जाई आणि कोंड्याचा बराच अंश दाण्यावर राही. गिरणीला ही मर्यादा नाही.

डहाणू-तलासरीत या दोन्ही प्रकारची तूट एकत्र आलेली दिसते. नागलीची जागा तांदळाने घेतली आणि तांदूळही गिरणीचा झाला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅमहून अधिक लोह आणि ११ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच गिरणीच्या तांदळात कॅल्शियम साडेसात मिलिग्रॅम, लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी आणि तंतू तीन ग्रॅमच्या आत. प्रथिनांत मात्र तांदूळ किंचित सरस आहे, हेही सांगितले पाहिजे. नागली म्हणजे संजीवनी नव्हे. तिची किंमत तिच्या शेजारी असलेल्या डाळीने, पाल्याने व सुक्या मासळीने वाढत होती.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. अज्ञानामुळे लोकांनी चांगले अन्न सोडले, असे म्हणण्याची सुशिक्षितांत प्रथा आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 'खावटी' हा या भागातला जुना शब्द. पावसाळ्यात घरचे धान्य संपल्यावर जमीनदाराकडून वा सावकाराकडून खाण्यासाठी उचललेले आणि पीक निघताच दिढीने परत करावयाचे धान्य म्हणजे खावटी. ज्याचे पीक खळ्यावरूनच जाते, त्याच्या आहारात निवडीला कितीसा वाव असणार? १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी केलेला उठाव, ज्यात गोदावरी व शामराव परुळेकर यांनी पुढाकार घेतला, तो मजुरीसाठी व माणूसपणासाठी होता; परंतु त्याला आहाराच्या इतिहासातही स्थान द्यावयास हवे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात राज्य शासनाने आदिवासी कुटुंबांना अनुदान देऊ केले, त्यालाही नाव 'खावटी' हेच मिळाले. सावकाराचा शब्द शासनाच्या योजनेत शिरला. शब्द टिकून राहिला, कारण आषाढ-भाद्रपदातली टंचाईही टिकून राहिली.

नागलीचेही नाव बदलले आहे. 'भरड धान्य' ही जुनी संज्ञा बाजाराच्या दृष्टीने केलेली हलकी प्रतवारी होती. २०१८ साली केंद्र शासनाने या धान्यांना पौष्टिक धान्ये म्हणून जाहीर केले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झाले. शहरात नाचणीची बिस्किटे महाग झाली. रास्त भावाच्या दुकानातून २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये येणारे धान्य मात्र मुख्यत्वे तांदूळ व गहू हेच आहे. या धान्याने भूक हटविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल; पण पोट भरणे आणि पोषण होणे या दोन क्रिया आहेत.

आता धोक्याचे स्वरूप बदलते आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अध्ययनात तेथील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी आढळली. परंतु त्यांची तूट स्नायूंत अधिक व चरबीत कमी होती. म्हणजे हडकुळे दिसणारे मूल चरबीच्या हिशेबात हडकुळे नव्हते. अशा मुलाला पुढे भरपूर पांढरा भात, साखर व तेल मिळाले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. याच अध्ययनात गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली. एकूण उष्मांकांपेक्षा हा संबंध ठळक होता. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. मधुमेह हा सुखवस्तूंचाच रोग, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. वापी-उंबरगावच्या कारखान्यांत रोज जाऊन सायंकाळी पाकीटबंद खाऊ घेऊन परतणारा तलासरीचा तरुण आणि पावसाळ्यात एकवेळ पेज घेऊन वाढलेले त्याचे बालपण, ही दोन्ही एकाच देहात वसत आहेत.

सर्वच व्याधी आहाराच्या माथी मारू नयेत, हेही खरे. या भागातील काही जमातींत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यातील पांडुरोग लोहाच्या उणिवेचा असेलच असे नाही आणि केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. दोहोंचा निवाडा रक्ततपासणीनेच करावा लागतो.

२०१५ पासून राज्याच्या आदिवासी क्षेत्रांत अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा स्त्रियांना एक वेळचा ताजा, शिजविलेला आहार देण्याची अमृत आहार योजना चालू झाली. तांदळाच्या पिशवीऐवजी शिजलेले ताट देणे हा तिच्यातला खरा विचार, कारण त्या ताटात धान्याबरोबर डाळ व पालेभाजीही येते. अडचण वेळापत्रकाची आहे. भातकापणी आटोपली की डोंगरातली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे, बांधकामांकडे, तर पुरुष गुजरातच्या मच्छीमार बोटींकडे निघतात व पावसाच्या तोंडावर परततात. मार्गशीर्षात गावच्या अंगणवाडीत नाव असलेली गरोदर स्त्री माघात भिवंडीच्या वा वसईच्या भट्टीवर विटा थापत असते, आणि तिचे ताट गावात राहते.