सांथीचें गणित

रोगाची सांथ ओसरते ती कशानें? औषधानें, हवापालटानें, कीं आजारी पडावयास माणसेंच उरत नाहींत म्हणून? १९२७ सालीं एडिंबरोच्या केर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघां संशोधकांनीं या प्रश्नास गणितानें उत्तर दिलें, आणि तें पडताळण्यास आंकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे.

त्यांची रीत सोपी आहे. लोकांचे तीन गट मानावयाचे: रोग होण्याजोगे, रोगी, आणि बरे झालेले अथवा दगावलेले. एका गटांतून दुसऱ्यांत माणसें किती वेगानें जातात, हें समीकरणांनीं मांडावयाचें. त्यांतून असें निघालें कीं, सर्वांना रोग होण्यापूर्वींच सांथ मंदावते. कारण रोग होण्याजोग्यांची संख्या एका मर्यादेखालीं गेली म्हणजे एका रोग्यामागें एक नवा रोगीही होत नाहीं. सर्वांना लस टोंचतां आली नाहीं तरी पुष्कळांना टोंचल्यानें गांव वांचतो, तो याच न्यायानें.

प्लेग झालेल्यांपैकीं शेंकडा ८० ते ९० दगावत. म्हणून मृत्यूंचेच आंकडे घेतले. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ पर्यंतचे साप्ताहिक मृत्यु त्यांच्या वक्ररेषेवर सुरेख बसले.

परंतु या गणितांत उंदीर कोठें आहे? मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांनीं पसरला. शिवाय तो बहुधा उन्हाळ्याच्या आरंभीं शिगेस पोंचे आणि पावसाळ्याच्या सुमारास ओसरे; समीकरणांत ऋतूही नाहीं. लेखकद्वयानें ही उणीव प्रांजळपणें नमूद केली होती. पुढच्या पाठ्यपुस्तकांनीं मात्र रेषा तेवढी उचलली! रेषा जुळली म्हणजे कारण सांपडलें, असें नव्हे.

असाच उंदीर जालन्याच्या हिशेबांतूनही निसटूं शकतो. डेंग्यूचा अंदाज केवळ पर्जन्यमानावरून बांधला, तर २०१२–१३ सारख्या दुष्काळी सालीं धोका कमी दिसेल. पण पाणी दुर्मिळ झालें कीं घरोघर पिंपें, रांजण, टांक्या भरून ठेवल्या जातात, आणि एडीस जातीच्या डांसाची मादी अशाच साठवणीच्या कडेस अंडीं घालते. उन्हाळ्यांत अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. नळाला पाणी किती दिवसांआड आलें, हा आंकडा पावसाच्या आंकड्याशेजारीं मांडावा लागेल. आणि तो वेधशाळेंत नव्हे, पाणीपुरवठ्याच्या नोंदींत शोधावा लागेल.