चार बिऱ्हाडं वाढली, पाणी कुठं जायचं?

गाळपाचे आकडे आणि उताऱ्याचे तक्ते या अंकात इतरत्र आहेतच. आज आपल्या वसाहतीतल्या एका इमारतीविषयी लिहायचं आहे. त्यात चूक आमची, म्हणजे बांधकाम समितीची असल्यामुळं दुसऱ्या कोणी लिहिण्यापेक्षा आम्हीच लिहिलेलं बरं.

ओढ्याकडची दुमजली इमारत बहुतेकांना ठाऊक आहे. आठ बिऱ्हाडांची. घरं कमी पडू लागली म्हणून तिला लागून आणखी चार बिऱ्हाडांचं बांधकाम काढायचं ठरलं. खोल्या केवढ्या, फरशी कोणती, गॅलरी रस्त्याकडं की ओढ्याकडं, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. सांडपाण्याला आणि पावसाच्या पाण्याला पाच मिनिटं मिळाली, तीही चहा आल्यावर. ‘जुन्या लायनीला जोडून घ्या’ एवढं बोलून आम्ही उठलो.

२०२२ च्या दसऱ्याला नवी बिऱ्हाडं राहायला आली आणि दिवाळीपूर्वीच परतीच्या पावसानं गाठलं. रात्री तासभर पाऊस कोसळला आणि जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येऊ लागलं. ते नुसतं पावसाचं नव्हतं, संडासाचंही होतं. बॉयलिंग हाउसमधल्या एका जुन्या कामगाराच्या घरातलं दिवाळीचं पीठ, तांदूळ, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं एका रात्रीत गेलं. सकाळी आम्ही गेलो तेव्हा वहिनी खराट्यानं चिखल लोटत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, उसाला पाणी सोडताना तुम्ही वीतभर ढाळ चुकू देत नाही. मग आमच्या दारात कसा चुकला?" आम्ही खाली मान घालून खराटा हातात घेतला, दुसरं काय करणार!

मग ओव्हरसियरना घेऊन खोदून पाहिलं. इमारतीमागून ओढ्याकडं जाणारी एक जुनी चर होती. वसाहत बांधली तेव्हाच कोणा शहाण्या माणसानं ती काढली असणार. नव्या बांधकामाचं जोतं नेमकं तिच्यावर आलं आणि मुरूम टाकून ती बुजवली गेली. नकाशात ती दाखवलेलीच नव्हती. दुसरी गोष्ट याहून वाईट. स्लॅबवरच्या पावसाचा नळ जवळ पडतो म्हणून मैल्याच्या चेंबरात सोडला होता.

याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या घरासाठी करून पाहावा. एक चौरस मीटर स्लॅबवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचा नवा स्लॅब तीस बाय चाळीस फूट, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं. आता चार बिऱ्हाडांची वीस माणसं धरा, माणशी रोज १३५ लिटर वापर धरा. दिवसाचे झाले २,७०० लिटर. म्हणजे वीस माणसांचं दोन दिवसांचं पाणी एका तासात सेप्टिक टाकीत शिरलं! त्या टाकीत पाणी किमान दिवसभर निवांत राहिलं तरच गाळ खाली बसतो. मुळात ती आठ बिऱ्हाडांपुरती, तीत चारांची भर, आणि वर हा लोंढा. पाणी उलटं फिरलं यात नवल ते काय?

शोषखड्डा घ्या, असंही कोणी सुचवलं. पण आपली जमीन काळी. पाण्यानं फुगली की थेंब आत घेत नाही. ज्यांची रानं पाणी साचून क्षारपड झाली, त्यांना हे सांगायला नको.

शेवटी चर नव्यानं काढावी लागली. सरळ गेलो असतो तर ओढा १६० फुटांवर, उतार चार फूट. चाळीस फुटांना एक फूट असा चांगला ढाळ मिळत होता. आता इमारतीला वळसा घालून २४० फूट झाले. उतार तेवढाच, म्हणजे साठ फुटांना एक फूट. अशा चरीत गाळ लवकर बसतो, म्हणून प्रत्येक वळणावर साफसफाईचं चेंबर बांधलं. पावसाचे नळ मैल्यापासून तोडले, टाकी वाढवली. खोदताना वसाहतीची विजेची केबल तुटली आणि दोन दिवस अंधार झाला, कारण ती कुठून गेली हेही कागदावर नव्हतं. पिण्याच्या पाण्याची नळी तर मैल्याच्या नळीला चिकटून निघाली! त्या दोन्हींत दहा फूट अंतर हवं, आणि एकमेकींना ओलांडायचीच वेळ आली तर पिण्याची वर, मैल्याची खाली. हे सगळं आधी केलं असतं तर जेवढा खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट आता झाला. तो सभासदांच्याच पैशातून झाला, हे लपवत नाही.

तालुक्याच्या गावी जुन्या घराला जोडून भाड्याच्या खोल्या काढणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांनी खांबांच्या जागा ठरवण्याआधी गवंड्याकडून पारदर्शक नळीनं पातळी काढून घ्यावी, आणि भर पावसात एकदा छत्री घेऊन जागेवर उभं राहावं. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते नकाशापेक्षा तिथं चांगलं कळतं.

येत्या वार्षिक सभेपुढं आणखी एका इमारतीच्या वाढीचा विषय येतो आहे. या खेपेस चरी, नळ, केबली आणि चेंबरं यांचा नकाशा आधी काढून वसाहतीच्या ऑफिसात लावला आहे. रविवार सोडून कधीही येऊन पाहावा. जुन्या चरी कुठून जात होत्या हे ठाऊक असलेलं एखादं जाणतं माणूस बरोबर आणलंत तर फार बरं होईल.