पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन आणि आमचे गुरुजी

आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. पहिलीतल्या मुलांना ती नुसती नक्षी वाटते. पण त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो कसा चालतो आणि त्याबद्दल आमच्या गुरुजींचं काय म्हणणं आहे, हे मी या लेखात सांगणार आहे. पालकांनीही वाचावं, कारण मागच्या पालकसभेत यावरूनच बोलणं निघालं होतं.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. डेन्सो नावाच्या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. त्याआधी नुसत्या उभ्या रेघांचे कोड होते. साबणाच्या कागदावर असतात ना, तसले. त्यात माहिती थोडीच मावते. क्यूआर कोडात उभी आणि आडवी अशी दोन्हीकडे घरं असतात. लहानात लहान कोडात २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ घरं. आपल्या पुस्तकातला कोड याहून मोठा आहे. तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात, त्यावरून फोनला कळतं की वरची बाजू कोणती. म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी कोड वाचला जातो. मी करून बघितलं आहे. एका मुलाच्या पुस्तकावर कालवण सांडलं होतं, तरी त्याचा कोड चालला. कारण थोडा भाग खराब झाला तर भरून काढायला जादा माहिती आधीच त्यात घातलेली असते.

पण चौकोनात धडा नसतो बरं का! तिथं फक्त पत्ता असतो. फोन तो पत्ता वाचतो आणि धडा इंटरनेटवरून आणतो. रेंज नसेल तर नुसता पत्ता घेऊन काय करायचं? आमच्याकडे रेंज मारुतीच्या पारावर बरी येते.

पाठ्यपुस्तकात कोड आणण्याच्या कामात रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घेतात. ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. म्हणजे आपल्यासारखीच शाळा. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज हे १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यातलं अर्धं त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटायचं ठरवलं. मी भागाकार केला. एकेकाला ५५,५५५ डॉलर येतात आणि बाकी ५ उरते.

आता पालकसभेचं सांगते. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला आहे. सभेत एक काका म्हणाले, "गुरुजी, आम्ही वर्गणी दिली, मग टीव्ही दिवसभर का लावत नाही? तालुक्याच्या इंग्रजी शाळेत रोज लावतात. मी माझी दोघं पिवळ्या गाडीनं तिकडं धाडणार." सगळे गप्प बसले. आमचा पट २१ आहे. दोघं गेले की १९. आणि २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, अशी चर्चा झाली होती. ती सगळ्यांच्या ध्यानात आहे.

गुरुजी काही न बोलता कपाटाकडे गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. १९८७ साली देशात खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य द्यायचं, अशी ती योजना होती. त्यातलीच ही पेटी. आत लोहचुंबक, भिंग, छोटा तराजू. गुरुजी म्हणाले, "मी इथं आलो तेव्हा ही कुलपात होती. वस्तू फुटली तर भरून कोण देणार, म्हणून कुणी काढलीच नाही." माझे बाबा उठून म्हणाले, "मी याच शाळेत शिकलो, पण ही पेटी मला आज दिसतेय." आणखी तीन-चार जण तसंच म्हणाले.

मग गुरुजींनी सांगितलं, की टीव्ही कुलपात ठेवला तर त्याची ही पेटी होणार. आणि दिवसभर लावला तर तो बोलतच सुटणार. मागं बसलेल्या पोराला समजलं नाही, हे त्याला दिसत नाही. आमच्या वर्गात समुद्र कुणीच बघितलेला नाही. म्हणून गुरुजींनी भरती-ओहोटी टीव्हीवर दाखवली. होडी पाण्यात होती तेव्हा चित्र थांबवलं आणि विचारलं, "पाणी मागं गेलं तर होडीचं काय होईल?" आम्ही खूप भांडलो. मग पुढचं दाखवलं, तर होडी चिखलात बसलेली! पण लीटर शिकवताना टीव्ही नाही. तेव्हा आम्ही हौदावर जाऊन बादल्या मोजल्या. "नांगर बघायला टीव्ही लावू का?" असं गुरुजी म्हणतात. हे मला अर्धंच पटतं. आपल्याच गावचा नांगर टीव्हीत दिसला तर बघायला किती मजा येईल!

गुरुजींचं आणखी एक म्हणणं आहे. आम्हाला दोन शिक्षक आणि चार वर्ग. बाई बैठकीला गेल्या की एकवीस जण एकाच खोलीत. त्यात फोनवर सारखी माहिती मागतात. ती भरेपर्यंत एका मुलाचं वाचन ऐकून होतं, असं ते म्हणाले. शाळा सुधारायची तर आधी शिक्षकाचा वेळ मुलांना मिळू द्या, असं त्यांना वाटतं.

पालकांकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली. संध्याकाळी अर्धा तास फोन घरात ठेवा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा माझा दादा तिसरीत होता. अभ्यास सकाळी फोनवर यायचा आणि फोन बाबांबरोबर शेतात. रात्री फोन घरी आला की त्याची बॅटरी संपलेली. शेवटी गुरुजी तोंडाला रुमाल बांधून आमच्या ओट्यावर येऊन शिकवायचे.

ते काका सभेत पुढे काही बोलले नाहीत. त्यांची दोघं अजून तरी शाळेत येतात. पेटीतलं भिंग आता खिडकीजवळ सुतळीने बांधलेलं आहे, कुणीही घ्यावं. काकांची धाकटी दुसरीत आहे. ती भिंगातून पुस्तकातल्या कोडाची घरं मोजते आहे. काल ती सतराव्या ओळीवर होती.