जनरेटर धूर ओकू लागला तर

2007 चा उन्हाळा, भारनियमन जोरात आणि ऐन लग्नसराई. खामगावच्या आमच्या कापड दुकानाच्या मागील दारातला छोटा पेट्रोल जनरेटर निळा धूर ओकू लागला. धूर आत शिरून पांढऱ्या लठ्ठ्याच्या दोन थानांवर तेलकट डाग पडले. मिस्त्री म्हणाला, इंजिन उघडावे लागेल. आम्ही आधी ऑइलची पट्टी पाहिली. नोकराने खुणेच्या वर ऑइल भरले होते! जादा ऑइल काढले, थोड्या वेळाने धूर थांबला.

व्यापारी बंधूंनी धुराचा रंग ओळखायला शिकावे. गवत कापायच्या यंत्राच्या फोर-स्ट्रोक इंजिनलाही हेच लागू आहे. इंजिन थंड करून, प्लगची टोपी काढूनच हात लावावा.

काळा धूर : पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिला का, ते पाहावे. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, झटकावा. प्लगची काजळी काढून फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

निळा धूर : ऑइल जळते. पातळी बरोबर असूनही धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची बाजू झिजली असेल. तिथे मिस्त्रीच हवा.

पांढरा धूर : थंडीत सुरुवातीला क्षणभर दिसला तर ती वाफ असते.

धूर दिसेनासा झाला तरी जनरेटर दुकानात चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो माणूस मारतो. आम्ही आमचा जनरेटर त्याच आठवड्यात उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर नेला. थाने पुन्हा मागवता येतात, माणसे नाही.