राजदर्प, विनय आणि देवाधीनता : प्राचीन महाराष्ट्रातील राजलेखांच्या वाचनाचा एक प्रश्न

ईश्वरापुढे ताठ उभा राहणारा राजा आणि ईश्वरापुढे नमणारा राजा या दोन प्रतिमा भारतीय कथापरंपरेने पिढ्यानपिढ्या जोपासल्या आहेत. हिरण्यकशिपू, रावण, नहुष यांच्या कथांतून दर्पाचा शेवट दिसतो. अंबरीष, जनक यांच्या कथांतून नम्रतेचा महिमा दिसतो. कीर्तनाच्या उत्तररंगात हीच आख्याने रंगतात आणि श्रोत्यांच्या मनात एक सरळ समीकरण दृढ होते : दर्प म्हणजे विनाश, नम्रता म्हणजे उत्कर्ष. ऐतिहासिक राजांविषयी बोलतानाही हेच समीकरण अभावितपणे लावले जाते. एखाद्या राजाच्या दानलेखात देवतेचे स्तवन आढळले की तो 'परमभक्त' ठरतो आणि दिग्विजयाची वर्णने आढळली की तो 'गर्विष्ठ' ठरतो. वास्तविक ही दोन्ही विधाने बहुधा एकाच लेखात, कित्येकदा एकाच समासात एकवटलेली असतात. त्यामुळे प्राचीन राजांचा दर्प आणि त्यांची नम्रता परस्परविरोधी मानावी काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारात घेण्यासारखा आहे.

प्रथम 'विनय' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. आजच्या मराठीत त्याचा अर्थ नम्रता असा रूढ आहे. राजनीतिशास्त्रात मात्र त्याचा मुख्य अर्थ शिस्त, शिक्षण व इंद्रियजय असा होतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचे नावच 'विनयाधिकारिक' असे आहे. काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष हे राजाचे सहा शत्रू सांगून कौटिल्य त्यांच्या आहारी गेलेल्या राजांची उदाहरणे देतो. मानामुळे रावण व दुर्योधन, तर मदामुळे दंभोद्भव व हैहय अर्जुन नष्ट झाले, असे तो नोंदवतो. येथे दर्पाचा निषेध आहे; परंतु त्याचे कारण देवाचा कोप हे नसून राज्याचा नाश हे आहे. म्हणजे राजाने नम्र असावे ही अपेक्षा भक्तीच्या आधी राजनीतीतून पुढे येते. प्रशस्तीत राजाला 'विनय' हा गुण बहाल केलेला असतो तेव्हा त्याचा अर्थ भक्ताची लीनता असाच घेतला, तर अर्थाची गल्लत होते.

महाराष्ट्रातील आरंभीच्या लेखांत हे दुहेरीपण स्पष्ट दिसते. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख नागनिका मानल्या जाणाऱ्या राणीचा आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे. त्यापुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापणांची दीर्घ गणना येते. अश्वमेध हा देवतांना उद्देशून केलेला यज्ञ खरा. पण त्याच वेळी तो सार्वभौमत्वाची जाहीर घोषणाही होता. त्याच लेखात राणीचे वर्णन मासोपवास करणारी, घरात राहूनही तापसीप्रमाणे वागणारी असे केलेले आहे. वैभवाची मोजदाद आणि व्रताची कठोरता एकाच शिळेवर शेजारीशेजारी कोरली गेली आहे.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख याहून बोलका आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील या लेखात ती आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करते. त्याच्या सत्तेखालील प्रदेशांत विदर्भाचाही उल्लेख आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, क्षत्रियांचा दर्प व मान त्याने मोडला, असे ती सांगते. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी त्याची तुलना करते. स्वतःविषयी लिहिताना मात्र तिची भाषा बदलते. सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, दम, नियम यांत रमलेली आणि राजर्षीच्या पत्नीला साजेसे आचरण करणारी, अशी ती आपली ओळख देते आणि ते लेणे भद्रायणीय भिक्षुसंघाला अर्पण करते. दुसऱ्यांचा दर्प मोडणे हे पुत्राचे भूषण ठरते आणि स्वतःचा दर्प जिंकणे हे मातेचे. एकाच राजकुलाने पराक्रम व तप यांची जणू वाटणी करून घेतली आहे.

वाकाटकांच्या ताम्रपटांत ही वाटणी उरत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. रुद्रसेन पहिला याचा मातामह भवनाग हा भारशिव वंशातील होता. या वंशाविषयी ताम्रपट सांगतात की शिवलिंग खांद्यावर वाहिल्यामुळे प्रसन्न झालेल्या शिवानेच हा राजवंश निर्माण केला. आणि लगेच पुढे त्यांनी पराक्रमाने मिळवलेल्या गंगाजलाचा व दहा अश्वमेधांचा उल्लेख येतो. देवाचे ओझे वाहणे ही येथे सत्तेची पात्रता ठरते. ज्याच्या खांद्यावर देव, त्याच्याच मस्तकावर अभिषेक, असा हा विचार आहे. प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसरा याची कन्या. अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालवीत असता दिलेल्या पुणे ताम्रपटात ती गुप्तवंशाचीच वंशावळ अभिमानाने सांगते आणि दान प्रथम भगवंताच्या चरणी निवेदन करून मग आचार्याला देते. तिचा ऋद्धपूर ताम्रपट तर रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पादमूलापासून दिलेला आहे. आज्ञापत्र जेथून निघाले ते स्थळ म्हणून देवाचे चरण नोंदले जाणे ही केवळ भक्तीची गोष्ट नव्हे. विधवा राजमातेच्या आज्ञेला त्या चरणांचा आधार मिळतो, हेही तितकेच खरे आहे.

या लेखांवरून एक निष्कर्ष काढता येतो. राजा स्वतःच्या लेखात देवापुढे नमतो तेव्हा ते नमन त्याला प्रजेपुढे लहान करीत नाही, उलट मोठे करते. म्हणून अशा नम्रतेला ढोंग म्हणणे जितके उथळ, तितकेच तिला निखळ भक्ती म्हणणे भाबडेपणाचे ठरते. देवाधीनता ही राजसत्तेची भाषाच होती. राजाने ती बोलावी यात नवल नाही. राजाची नम्रता दुसऱ्या कोणी सांगितली तर ती कशी दिसते, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधण्यास पश्चिम विदर्भाइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीच्या परिसरातून पाहिले तर नैऋत्येस अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा लेख आहे. आग्नेयेस वाकाटकांचे वत्सगुल्म, म्हणजे वाशीम. आणि दक्षिणेस लोणार. याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली 'लीळाचरित्रा'ची संपादित आवृत्ती सिद्ध केली. त्या ग्रंथात लोणार येथे कान्हरदेव यादवाने श्रीचक्रधरांचे दर्शन घेतल्याची लीळा आहे.

हा कान्हरदेव म्हणजे यादव राजा कृष्ण. जल्हणाची 'सूक्तिमुक्तावली' त्याच्याच कारकिर्दीतली. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील राजप्रशस्तीत यादव राजे शत्रूंना जिंकणारे, धर्माचे रक्षण करणारे म्हणून येतात. म्हाइंभटाच्या गद्यात मात्र कथेचे केंद्र बदलते. तेथे मध्यभागी स्वामी आहेत आणि राजा हा भेटीस येणाऱ्या अनेकांपैकी एक आहे. ब्राह्मण, शेतकरी, बाया-बापड्या, चोर यांच्या भेटी ज्या साध्या वाक्यांत सांगितल्या जातात त्याच वाक्यांत राजाचीही भेट सांगितली जाते. बिरुदावली गळून पडते. अर्थात ही एका पंथाची स्मृती आहे. मूळ प्रत नष्ट झाल्यावर आठवणींतून सिद्ध झालेल्या पाठांतून ती आपल्यापर्यंत आली आहे. ती राजाच्या अंतःकरणाची साक्ष देत नाही. राजाला प्रशस्तीबाहेर उभे करता येते, ही शक्यता मराठी गद्याने आपल्या पहिल्याच महत्त्वाच्या ग्रंथात सिद्ध केली, हे तिचे मोल आहे.

याच काळातील पंढरपूरचा 'चौऱ्यांशीचा' शिलालेख (शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७) दुसरा पुरावा देतो. विठ्ठलाला दान देणाऱ्या अनेकांच्या नावांची ती यादी आहे. तीत रामचंद्रदेव यादव 'पंढरीफडमुख्य' म्हणून येतो. देवाच्या फडाचा प्रमुख होणे हा मान आहे, यात शंका नाही. पण तो मान लहानमोठ्या दात्यांच्या यादीतला आहे. याच रामचंद्राने १२७१ च्या सुमारास चुलतभाऊ अम्मण याच्याकडून सिंहासन हिरावून घेतले होते. त्यामुळे पंढरीची सेवा हा श्रद्धेचा भाग होता की नव्या सत्तेला हवा असलेला आधार, असा पर्याय उभा केला जातो. लेखाचे शब्द दोहोंपैकी एकाचीही निवड करू देत नाहीत आणि अभ्यासकानेही ती घाईने करू नये. तसेच १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्राला हार पत्करावी लागली, ती दर्पाची शिक्षा होती असे म्हणण्यासही आधार नाही. तो पुराणकथेचा साचा आहे, इतिहासाचा निष्कर्ष नव्हे.

'ज्ञानेश्वरी'च्या समाप्तीत (शके १२१२, इ. स. १२९०) या राजाचा आदराने उल्लेख आहे. तो न्यायाने पृथ्वीचे पालन करतो, असे ज्ञानदेव सांगतात. परंतु पसायदान मागतात ते विश्वात्मक देवाकडे. राजाला त्याचे स्थान दिले आहे, याचना मात्र त्याच्याकडे केलेली नाही. नाणेघाटापासून चालत आलेल्या परंपरेत देवाला वंदन करून दान देणारा राजा हाच बोलत होता. येथे बोलणारा दुसरा आहे आणि त्याचा दाता राजा नाही.

प्राचीन राजांच्या दर्पाचा व नम्रतेचा विचार करताना म्हणून दोन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते : ते विधान कोण करीत आहे आणि त्या विधानात राजा कोणाच्या पंक्तीत उभा आहे. राजलेखात तो देवाच्या अगदी जवळ, एकटा उभा असतो. लीळेत आणि पंढरीच्या यादीत तो माणसांत येतो. बाराशे-तेराशे वर्षांच्या या वाटचालीत राजे अधिक नम्र झाले की नाही, हे ठरविण्याचे साधन आपल्याजवळ नाही. पण राजाविषयी बोलण्याचा अधिकार राजदरबाराबाहेरच्या माणसांनी मराठीतून घेतला, हे या ग्रंथांच्या आधारे निश्चितपणे म्हणता येते. पदव्युत्तर वर्गात 'लीळाचरित्र' व यादवकालीन शिलालेख स्वतंत्र घटक म्हणून शिकवण्याऐवजी एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर हा बदल विद्यार्थ्यांना स्वतःच्या वाचनातून गवसू शकेल.